टेकल्यानंतरचं सुकाणू

होडीचा तळ वाळूला घासला की सुकाणू सोडायचं आणि उडी मारायची, ही दाभोळच्या मच्छीमारांची जन्माची खोड. तिथल्याच आनंदा नावाच्या पोराने ती मुंबईला विमान चालवायला शिकतानाही सोडली नाही. विमानाचं सुकाणू पायांनी धरायचं असतं; चाकं टेकली की गडी पाय सैल सोडायचा, आणि विमानाचं शेपूट गर्रकन फिरायचं. मास्तरांच्या शिव्या खाऊन खाऊन खोड मोडली.

आज रत्नागिरीच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, त्याचं विमान उतरताना बघायला सारा गाव लोटला होता. दर्यावरून आडवा वारा सुटलेला. आनंदाने विमानाचं नाक वर धरून पुढची चाकं आणि शेपूट एकदमच टेकवलं. लोकांनी जल्लोष केला. शेपूट मात्र वाऱ्याबरोबर वळू लागलं.

"गप चल, बये!" आनंदा दात-ओठ खात म्हणाला. शेपूट जमिनीला दाबून ठेवायला हातातला दांडा त्याने पोटाशी आवळून धरला, पायांखालचं सुकाणू क्षणभरही सोडलं नाही. विमान थेट धावलं, मंदावलं, उभं राहिलं. मगच त्याने पाय उचलले.

त्याचा बाप रावजी, मासेमारीच्या मचव्याचं सुकाणू धरणारा तांडेल, धापा टाकत आला. "कवाच टेकलास मेल्या! उडी का नाय मारलीस?"

"बाबा, ही बया टेकल्यावरच बिथरते."

रावजीने वाळल्या गवतातली चाकांची सरळसोट वाट निरखली. मग डोक्यावरची टोपी काढून लेकाच्या डोक्यावर ठेवली.

"आजपासून तांडेल तू."