विजेवरची वाफ

लाइट गेले तेव्हा ताई रंगखात्यात हौदांच्या कडेला उभी राहून फुलांच्या कुंड्या कुठे ठेवायच्या ते दाखवत होती. पंखे फरफरत थांबले. कापड फिरवणारे रूळ जागच्या जागी अडकले. दुपारी पाहुणे यायचे होते आणि विजेने नेमका हाच मुहूर्त साधला होता.

"जनरेटर लावा ना," ती म्हणाली.

"तो ऑफिसपुरता, ताई. इकडे येत नाही."

मुख्य रंगारी बोलता बोलता पुढे झाला आणि सवयीने त्याने हौदाचा कॉक फिरवला. नळीतून वाफ फसफसत बाहेर आली, रोज येते तितक्याच जोरात. ताई कुंडी पोटाशी धरून बघत राहिली.

"वीज नाही," ती म्हणाली, "मग वाफ कुठून येतेय?"

रंगाऱ्याने कॉक झटकन बंद केला. आजूबाजूच्या सगळ्यांना एकाएकी काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं.

"चहा घ्या, ताई," रंगारी म्हणाला.

कंपनीला कोणत्याही कायद्याने भाग पाडलं नव्हतं. आपण होऊन तिने जाहीर केलं होतं की यापुढे आमच्या आवारातून कोळशाचा धूर निघणार नाही. बॉयलर भंगारात काढला, उंच धुराडं पाडलं, आणि विजेवर वाफ करणारं यंत्र हिरव्या पाटीच्या खोलीत बसवलं. खोलीला कुलूप, किल्ली साहेबांकडे. आत विजेचा धोका आहे म्हणून कुणी फिरकायचं नाही. ताई कामगार कल्याण अधिकारी. यंत्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसं कळत होती. बॉयलरवरच्या माणसांना समजावून घरी बसवायचं काम म्हणूनच तिच्या गळ्यात पडलं.

त्या माणसांत तिचा सख्खा थोरला भाऊ होता. दादाने सगळ्यांच्या आधी राजीनाम्यावर सही केली, आणि त्याची बघून बाकीच्यांनी. ताई तरीही प्रत्येकाच्या घरी गेली, आपल्याच पोरांच्या छातीत जाणारा धूर आहे हा, म्हणून सांगितलं. भट्टीत कोळसा घालणाऱ्या एका फायरमनच्या बायकोने तिच्या तोंडावर दार लावलं. "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिला, ती आमचं काय भलं करणार!" ती दाराआडून म्हणाली होती. तेव्हापासून ताई त्या गल्लीतून जात नसे, वळसा घालून बाजार गाठत असे. वाईट वाटायचंच, पण आपण खरं सांगितलं एवढा आधार तिला होता.

कुंडी खाली ठेवून ती हिरव्या पाटीच्या खोलीमागे पहिल्यांदाच गेली. पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला जाड पाइप खोलीतून निघून भिंतीच्या भगदाडातून पलीकडे जात होता. मागच्या फाटकातून ती बाहेर पडली, नाल्यावरच्या फळीवरून तोल सांभाळत पलीकडे गेली. पाइप तिच्यासोबत होताच. तो एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरला. शेडवर बुटकं धुराडं होतं आणि त्यातून काळा धूर निघत होता.

आत भंगारात गेलेला बॉयलर होता. त्याच्यासमोर, उघड्या अंगाने, दादा कोळसा ओढत होता.

तिला बघून त्याने फावडं खाली ठेवलं नाही. ते कुठे ठेवायचं हेच त्याला सुचेना.

"चिमे, तू इथे कशी?"

"तू गोडाऊनवर वॉचमन आहेस ना?"

"गोडाऊनच आहे हे. कागदावर."

"कधीपासून चाललंय?"

"धुराडं पाडलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत. ठेकेदाराचं नाव लावलंय. माणसं आपलीच."

"सगळी?"

"सगळी."

"तो फायरमनही? ज्याच्या बायकोने..."

"तो रात्रपाळीला असतो." दादाने मानेवरचा घाम पुसला. "तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर तुझी माफी मागायची म्हणत होती बिचारी. मीच नको म्हटलं."

ताईच्या ताटात वाढताना वहिनीला ठाऊक होतं, रोज तिला हात करणाऱ्या गेटवरच्या माणसाला ठाऊक होतं. ताकास तूर म्हणून कुणी लागू दिली नव्हती. परक्याने फसवलं तर शिव्या तरी देता येतात. इथे शिवीसुद्धा द्यायची कुणाला हेच तिला कळेना.

"मला का नाही सांगितलंस, दादा?"

"तू गप्प बसली असतीस?"

"नसते बसले."

"मग आमच्या घरात चूल पेटली नसती." तो थांबला. "आणि तू इतकं मनापासून बोलायचीस गं. ऐकताना मलासुद्धा खरं वाटायचं."

ऑफिसात साहेबांनी काहीच नाकारलं नाही. उलट तिला बसायला सांगून पाण्याचा ग्लास पुढे केला.

"कुंपणाच्या आत कोळशाचा खडा दाखवा," ते म्हणाले. "आपण शब्द दिला तो आपल्या आवाराचा. ठेकेदाराचा धूर ठेकेदाराचा. खोटं कोण बोललंय?"

"मी बोललेय."

"छे छे. तुम्हाला माहीतच नव्हतं, मग ते खोटं कसं? म्हणून तर हे काम तुमच्याकडे दिलं." ते कौतुकाने हसले. "इंजिनिअर बोलला की लोक जांभया देतात. तुमच्या बोलण्यात जे आहे ना, ते सांगून-सवरून येत नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर ते गेलं असतं."

तिने ग्लासाला हात लावला नाही.

"दुपारी तुमचंच भाषण आहे," साहेब फाइल उघडत म्हणाले. "मनात असेल ते बोला. शेड उद्या बंद करतो मी. मला वाफ दुसरा कुणीही देईल. तुमच्या भावाला विचारून बघा, त्याला दुसरं काय मिळतंय."

दुपारी वीज आली. कुंड्या जागेवर लागल्या. इतर कंपन्यांचे मोठे लोक पुढे बसले. त्यांनाही असाच शब्द जाहीर करायचा होता, म्हणून ते बघायला आले होते. मागच्या रांगेत बॉयलरवरची माणसं होती, इस्त्रीच्या शर्टांत, त्यागी कामगार म्हणून टाळ्या घ्यायला आणलेली. त्यांच्यात दादा होता. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि आज पहिल्यांदाच त्यांना तिची भीती वाटत होती.

ताई माइकसमोर उभी राहिली. पहिलं वाक्य तिच्या ओठांवर होतं: इथून नाल्यापलीकडे शंभर पावलांवर. तिने दादाकडे पाहिलं. त्याने हात मांडीवर जुळवून धरले होते, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघणारा माणूस धरतो तसे.

मग ती बोलली. धुराबद्दल बोलली, पोरांच्या खोकल्याबद्दल बोलली. जुन्या माणसांनी मोठ्या मनाने काम सोडलं हे सांगताना तिचा आवाज जिथे भरून यायचा तिथे तो आजही भरून आला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे टिपले. साहेबांनी मान डोलावली. मागच्या रांगेने जीव भांड्यात पडल्यासारखा श्वास सोडला आणि टाळ्या सुरू केल्या.

कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलाशी दादा तिच्याजवळ आला.

"चिमे, तुझे उपकार..."

"दादा, जमलं ना रे मला?" तिने विचारलं. "आपल्या घरात मलाच तेवढं येत नव्हतं."

तिने त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि पाहुण्यांकडे गेली. दादा तो कप धरून उभा राहिला. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं की बहीण काय बोलते हो तुमची, अगदी काळजातून.