जॅकवर लागणारं दार

दार लागत नाही.

ढकललं की खालचा कोपरा खांबावर आपटतो आणि दार परत उघडतं. हळू ढकललं तरी तेच. देवेशने खांद्याने दाबून पाहिलं, बिजागरीत तेल घालून पाहिलं, शेवटी लाथही मारून पाहिली. उद्या चवथ. आज दुपारी पेडण्याहून गणपती आणायचा, तोही ह्याच गाडीतून आणायचा, असं त्याने घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. आणि दार लागत नाही.

गेल्या रविवारपर्यंत लागत होतं.

म्हणजे रविवारच्याही मागे जावं लागणार.

वरचा रंग

गाडी मॉरिस. देवेशच्या वडिलांनी, दत्तारामने, ती तरुणपणी पेडण्यातल्या एका भाटकाराकडून, म्हणजे जमीनदाराकडून, घेतली आणि पेडणे, म्हापसा, डिचोली अशी टॅक्सी म्हणून चालवून चालवून म्हातारी केली. पुढे डिचोलीत घर बांधलं, पण गणपती पेडण्याचाच राहिला. चवथीच्या महिनाभर आधी घरचा पाट तिथल्या चित्रशाळेत नेऊन द्यायचा. चितारी त्या पाटावरच मूर्ती घडवतो. मग चवथीच्या आदल्या दिवशी पाटासकट गणपती मॉरिसमध्ये बसून डिचोलीला येतो.

यायचा.

मॉरिस बंद पडली त्या वर्षी गणपती शेजारच्या गुरुदासच्या टेम्पोतून आणला. अस्नोड्याच्या वळणावर पाट सरकला, दत्तारामच्या हातून सुटला, मूर्ती फळीवर आपटली आणि सोंडेचं टोक उडालं. चितारी घरी येऊन माती लावून गेला. पूजा झाली. कोणी त्याला दोष दिला नाही. दत्ताराम मात्र म्हणाला, "माझ्या हातसून परत नको," आणि तेव्हापासून तो गणपती आणायला जात नाही. देवेश जातो, मूर्ती मांडीवर घेऊन टेम्पोत बसतो, घरी येईपर्यंत त्याचे पाय बधिर झालेले असतात. दत्ताराम त्या दिवशी बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, रस्त्याकडे पाठ करून बसतो.

मॉरिस उभी राहिली तर बाबा उठतील. देवेशच्या डोक्यात एवढंच होतं. आठवडाभर पणजीच्या कचेरीत फायली आणि शनिवार-रविवार गाडी. पण हातात ग्राइंडर आल्यावर त्याच्या डोक्यात आणखी एक गोष्ट शिरली. नुसती चालती कशाला? कारखान्यातून आली होती तशी करू. अगदी तशी.

रंग खरवडला. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली काळा, काळ्याखाली निळा. तो निळा घराच्या जनेलांना, खिडक्यांना, लावला होता तोच.

रंगाखाली

सिमेंट.

मडगार्डात. सिमेंटाच्या आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी.

"ता काढू नको," दत्ताराम बाल्कांवातून म्हणाला.

"बाबा, हे सिमेंट आहे."

"चांगला सिमेंट असा. घराचा उरलेला."

"गाडीत?"

"घर पडला? नाय मां? मग!"

सिमेंटाखाली

पत्रा. गाडीचा नव्हे, तेलाच्या डब्याचा. तो काढला तर आत दुसरा, त्याला लाकडाचे स्क्रू. पायाखालचा तळ सगळ्यात जाड आणि सगळ्यात सरळ. देवेशला बरं वाटलं, निदान हा तरी मूळचा. त्याने तो उचकटून उलटा केला. आतल्या बाजूला लाल अक्षरांत लिहिलं होतं: सावधान, पुढे सुरुंग.

"बाबा, हा खाणीवरचा बोर्ड आहे."

"पडलेलो होतो."

"पडलेला की पाडलेला?"

"काढू नको. तसलो पत्रो आता गावना नाय."

देवेश मोबाइलवर एका इंग्रज माणसाचे व्हिडिओ बघायचा. तो माणूस पांढऱ्या शर्टात गाडीखाली जायचा, नटाला पाना लावायचा, नट सुटायचा. देवेशने लावला की नटाचं डोकं सुटायचं, नट तिथेच. त्याची बायको गौरवी मागून डोकावून म्हणायची, "तुझो साहेब बघ. शर्ट तरी मळता त्याचो? आणि तू? लाल मातीत लोळलेली म्हस."

"म्हैस म्हण. साबण कुठाय ते सांग."

"साबण संपलो. पावडर आण. कपड्यांची नको, भांड्यांची."

त्याच्याही खाली

काळं, चिकट, डांबरासारखं काहीतरी. डांबर नव्हतं. देवेशने ते उघड्या हातांनी खरवडलं. दुसऱ्या दिवशी बोटं सुजली, मनगटापर्यंत फोड आले. कचेरीत त्याला पेन धरता येईना.

ते काजूच्या सालींचं तेल होतं. शापोरा नदीच्या काठावर होड्यांना लावतात ते. तेव्हा नदीवर पूल नव्हता, मॉरिस फेरीबोटीतून जायची, खारं पाणी उडायचं. दत्तारामने होडीवाल्यांचं पाहिलं आणि गाडीला खालून होडीसारखं माखून टाकलं. लाकडात तेल मुरतं. पत्र्यात कुठे मुरणार? वर तेलाची साय, खाली खारं पाणी, आणि मधे गंज, वर्षानुवर्षं, आरामात.

"ह्याने गाडी खाल्ली, बाबा. ह्या तेलाने."

"त्या तेलान गाडी इतकी वर्सां रवली."

"रवली नाही. कुजली. तुम्ही झाकून ठेवलीत म्हणून दिसलं नाही."

दत्तारामने बाल्कांवातून वाकून पाहिलं. मग म्हणाला, "काढू नको म्हटलंय, तरी काढलंस. आता हात बघ."

देवेश हात बघतच होता. गौरवी त्यावर खोबरेल लावत होती आणि हसू दाबत होती.

काढू नको

ता सिमेंट काढू नको, तो पत्रो काढू नको, ती सायकलची घंटी काढू नको हॉर्न बंद पडलो तर लागता, ती सुंभाची दोरी काढू नको दाराचा हँडल त्याच दोरयेर असा, ती चौकट काढू नको, तो डबो काढू नको पेट्रोल गळता त्याच्याखाली असा, डॅशबोर्डाचा लाकूड काढू नको फणसाचा असा, ता रबर काढू नको, ता काढू नको, तां पण.

देवेशने ऐकणं कधी सोडलं ते त्यालाच कळलं नाही. डबा आणि हँडलची दोरी ह्यांच्या मधे कुठेतरी.

रविवार

दत्ताराम पेडण्याला मुलीकडे, सुविधाकडे, राहायला गेला होता. घर शांत. कोणी काढू नको म्हणणारं नाही. देवेशने ठरवलं, आज ती चौकट.

ड्रायव्हरच्या शेजारची सीट दत्तारामने कधीच काढून टाकली होती. तिच्या जागी लोखंडी अँगलची चौकोनी चौकट होती. तिचे दोन पाय दाराखालच्या उंबऱ्याला जोडलेले, दोन मधल्या उंचवट्याला. वेल्डिंग असं, की वारूळ बरं. व्हिडिओतल्या गाडीत असलं काही नव्हतं. देवेशने जुनी मूळची सीट शोधून आणून ठेवली होती, ती बसवायची तर चौकट जायला हवी.

ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. चौकट सुटली. ती त्याने अंगणातल्या भंगाराच्या ढिगावर टाकली, आणि हात चालतोच आहे तर म्हणून दाराखालच्या उंबऱ्यातलं सिमेंटही फोडून काढलं. सिमेंटाचा शेवटचा तुकडा निघाला तेव्हा गाडी हळूच कुरकुरली.

देवेशला वाटलं, हलकी झाली बिचारी.

दार

लागत नाही.

जॅक

गौरवी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायच्या सोडून, हाताला पीठ तसंच, बघायला आली.

"मधेच खचलीय," ती म्हणाली.

"काय खचलीय?"

"गाडी. बघ ना हयसून. जुन्या खाटेसारखी."

देवेशने खाली वाकून पाहिलं. खरंच. पुढचं टोक वर, मागचं टोक वर, पोट खाली. त्याने पोटाखाली जॅक लावला आणि दांडा मारत गेला. गाडी कुरकुरत सरळ झाली. दार ढकललं.

खट्ट. लागलं.

जॅक सोडला. दार उघडलं.

परत जॅक. लागलं. जॅक सोडला. उघडलं.

"मस्त," गौरवी म्हणाली. "आता पेडण्यापर्यंत जॅकावरच घेऊन जा."

उंबऱ्यात पत्रा असा उरलाच नव्हता. होतं ते सिमेंट. आणि गाडीची उजवी बाजू डाव्या बाजूला जे काही धरून होती ते त्या चौकटीने. हे देवेशला आता, दांडा हातात धरून, फार व्यवस्थित कळलं. त्याने उसनं आणलेलं वेल्डिंग मशीन काढलं. टाका मारायला गेला, पत्र्याला भोक पडलं. भोक बुजवायला गेला, भोक मोठं झालं. नाक्यावरच्या गॅरेजला कुलूप. गॅरेजवाल्याला फोन केला तर तो बाजारात होता. माटोळीला, गणपतीवर टांगायच्या फळांच्या छताला, बांधायला नीरफणस मिळतो का बघत होता. "चवथ झाली की बघूया, बाब," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

देवेशने तो जळका टाका हातोडीने तोडला. मग उगाचच आणखी एक घाव घातला, बोनेटवर. तिथे पोचा पडला. बोनेट हा सबंध गाडीतला एकमेव मूळचा भाग होता.

दत्ताराम

जेवणवेळेला सुविधाच्या नवऱ्याने दत्तारामला गाडीने आणून सोडलं. घरात जायच्या आधीच तो भंगाराच्या ढिगापाशी थांबला. वाकला. चौकट ओढून बाहेर काढली. खांद्यावरच्या टॉवेलने पुसली.

"ही कोणी काढली?"

देवेश गाडीखालून बाहेर आला नाही. "मी."

"कित्याक?"

"ती मूळची नव्हती."

"गणपती खंय बसतलो?"

देवेश आता बाहेर आला. दत्तारामने चौकट अंगणात सपाट ठेवली होती आणि तो तिच्या चारही कोपऱ्यांवर बोट फिरवत होता. आतल्या बाजूला, देवेशने कधी न पाहिलेल्या जागी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले होते.

"पाट हेच्यात बसता. घट्ट. ह्या रबरात. म्हणान सीट काढलंय. तुझ्या आवशीन तेव्हा किती गाळी दिल्यान! लोकांची बायल पुढे बसता, माका मागे बसवतत म्हणून."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलंय. काढू नको म्हटलंय."

"तुम्ही सगळ्यालाच काढू नको म्हणता!" देवेशचा आवाज चढला. "सिमेंट काढू नको, घंटी काढू नको, गळतीखालचा डबा काढू नको! त्यातलं एक खरं होतं हे मला कसं कळणार?"

"सगळी खरीच होती."

"बाबा, गाडी ह्या चौकटीवर उभी होती. माहीत होतं तुम्हाला?"

दत्तारामने गाडीकडे पाहिलं. जॅककडे पाहिलं. "तां माका म्हायत नाय," तो म्हणाला. "माका पाटाचा म्हायत."

दुपार

निरोप मिळताच गुरुदास टेम्पो घेऊन दारात आला तो दात काढतच. "काय देवेशबाब, मॉरिस खंय? की ती आधीच पावली पेडण्याक?"

"गप रे."

"ना, विचारलं फक्त. दत्ताकाका, रस्त्याकडे पाठ करून बसा, आम्ही निघालो."

दत्ताराम बसला नाही. तो चौकट घेऊन टेम्पोच्या मागे गेला. एका हातात सुंभाची दोरी. हँडलची. ती त्याने कधी सोडून घेतली, कोणी पाहिलं नव्हतं. त्याने चौकट टेम्पोच्या फळ्यांना आडवीउभी करकचून बांधली, वर पाय ठेवून हलवून पाहिली. गुरुदासला ओढून पाहायला लावली. मग एक दोरी आणखी मागितली.

"बाबा," देवेश म्हणाला, "तुम्ही जाताय?"

"मगे? पाट कोण बसयतलो? तू? तुका म्हायत असा रबर खंयच्या बाजूक दाबचा?"

आणि तो चढला. गौरवीने दिलेलं स्टूल घेऊन, चौकटीशेजारी. देवेशने वर पाय टाकला तसा तो म्हणाला, "तू खंय? जागा नाय. मांडी नको आता. स्कूटर घेऊन ये."

गौरवी पदर तोंडाला लावून आत गेली. तिचं हसू स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं.

देवेश स्कूटरवरून टेम्पोच्या मागे गेला आणि मागे आला. जाताना धारगळच्या रस्त्यावर पाऊस लागला, येताना लागला, मधे थांबला तेव्हा ट्रकवाल्यांनी चिखल उडवला. टेम्पोवर ताडपत्री होती. तिच्या खालून पाठमोरी, तोंडावर कापड टाकलेली मूर्ती दिसत होती आणि शेजारी स्टुलावर बाबा. अस्नोड्याच्या वळणावर देवेशने स्कूटर टेम्पोच्या अगदी जवळ घेतली. टेम्पो कलला. पाट जागचा हलला नाही. दत्तारामने मूर्तीला हातसुद्धा लावला नव्हता. त्याचा एक हात स्वतःच्या टोपीवर होता आणि दुसऱ्याने तो देवेशला खुणावत होता: मागे रव, इतको जवळ येऊ नको.

परत

घराच्या उंबऱ्यावर गौरवीने पाटावर दूध-पाणी घातलं. दत्तारामने स्वतः मूर्ती आत नेली, माटोळीखाली ठेवली, दोन पावलं मागे सरून पाहिलं. सोंड शाबूत. त्याने टोपी काढली.

वर्षभर जे व्हावं म्हणून देवेश झटला होता ते झालं होतं. बाबा जाऊन आले. गाडीशिवाय. आणि गाडी कापली म्हणून. हे कोणी मोठ्याने बोललं असतं तर त्याने हातातलं पहिलं सापडलं ते फेकलं असतं. गौरवीने एक गरम नेवरी त्याच्या हातावर ठेवली आणि ती फोडांना भाजली.

तो ओला तसाच शेडमध्ये गेला. गाडी जॅकवर. दार बंद. दोरी गेल्यामुळे हँडल लोंबत होतं. बोनेटवर पोचा. मूळची सीट प्लास्टिकात गुंडाळून कोपऱ्यात.

आतून दत्तारामचा आवाज आला. "अरे देवेश! टेम्पोतली चौकट सोडून आण. पुसून ठेव. गंजतली. फुडल्या वर्साक लागतली."

"कशात लागणार?" देवेश शेडमधून ओरडला. "गाडीत की टेम्पोत?"

आत सगळे नारळाची करवंटी कुठे ठेवली ह्यावर एकदम बोलत होते. देवेश गाडीशेजारी बसला आणि त्याने जॅक सोडला.

दार उघडलं.