शकुबाईची सात फडकी

‘घटायचं सोडा, वाढलंय,’ धोंडीरामकाकांनी गेज डोळ्यांसमोर धरलं आणि आवारातल्या सगळ्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ‘आठ दिस झाले, ट्रकमधी आईलचा थेंब टाकला नाय. याला म्हणत्यात गाडी राखणं.’

गेज म्हणजे इंजिनात खोचलेली लांब पोलादी पट्टी. सकाळी इंजिन थंड असताना ती ओढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा ओढायची आणि तेल कुठल्या खुणेपर्यंत आलंय ते बघायचं. खालच्या खुणेकडे सरकलं की डब्यातून वर भर घालायची. हे मला पाचवीपासून पाठ होतं. आमचे बाबा, कोंडाजी ड्रायव्हर, त्याच सरकारी आवारात जीप चालवायचे आणि आमची क्वार्टर आवाराच्या भिंतीला चिकटून होती. शाळेत जायच्या आधी त्यांचा चहा पोचवणं हे माझं काम.

पण आता मी नववीत होते. शास्त्रात वर्गात पहिली आले होते, आणि वक्तृत्वाची ढाल शाळेत आणून चारच दिवस झाले होते. जगात कुणालाही काहीही विचारायचा आपल्याला हक्क आहे, असं मला त्या आठवड्यात वाटत होतं.

‘काका, तेल वाढेल कसं?’

‘हाताचा गुण.’

‘पण बंद डब्यातली वस्तू आपोआप वाढत नाही.’

‘कोंडाजी,’ काका बाबांकडे वळले, ‘हिची शाळा थोडे दिस बंद ठेव गड्या. लय झाली.’

सगळे हसले. बाबाही हसले. हसली नाही ती एकटी शकुबाई. ट्रकचं गेज पुसलेलं फडकं अंगठा आणि बोटांत धरून ती हळूहळू चोळत होती.

शकुबाई आवारात रोजंदारीवर होती. आमच्यासारखीच मूळची सायखेड्याची, नवरा वारल्यावर इकडे आलेली. भिंतीवर सात खिळे होते, खिळ्यांवर सात गाड्यांचे नंबर आणि प्रत्येक खिळ्याला एक फडकं. एका गाडीची घाण दुसऱ्या गाडीला लागू नये म्हणून ज्या त्या गाडीचं फडकं वेगळं, असा झुंबर मिस्त्रींचा नियम. संध्याकाळी शकुबाई ती सातही काढायची, पिंपात सोडा घालून उकळायची, तारेवर वाळत घालायची आणि सकाळी ज्याचं त्याला खिळ्यावर अडकवायची. बारा वर्षं. ‘शकुबाई, फडकं’ याच्यापलीकडे तिच्याशी कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. मीसुद्धा नाही.

‘मावशी, काय बघताय?’

तिनं आधी मागे कुणी आहे का ते पाहिलं. मग फडकं माझ्यापुढे धरलं. ‘दूध घातलेल्या चहावानी दिसतंय का नाय? ट्रकचं आईल काळंभोर पायजे. पाणी शिरलंय त्याच्यात. म्हून वाढतंय.’

‘मग काकांना सांगा ना.’

‘मी?’ एवढंच म्हणून ती बादली उचलून गेली.

मला रात्रभर चैन पडली नाही, असं नाही. मी मस्त झोपले. पण सकाळी कंपासपेटीतली पट्टी घेऊन आवारात हजर झाले. काकांनी गेज ओढलं की मी पट्टी लावायची आणि मिलिमीटर वहीत लिहायचे. काकांना वाटलं, त्यांच्या हाताच्या गुणाची नोंद चाललीय. ते खूश. पाचव्या दिवशी मी आलेख काढला. रेघ डावीकडून उजवीकडे सरळ वर चढत होती. तो मी झुंबर मिस्त्रींच्या हातात दिला. त्यांनी दोन वेळा पाहिला, विडी विझवली आणि ट्रकखाली सरकले. तळाचा बोल्ट सैल केला तर आधी तेल आलंच नाही. पाणी आलं. स्वच्छ, नळाचं असावं तसं, चांगला तांब्याभर. मग तेल.

धोंडीरामकाका त्या पाण्याकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना सिमेंट घेऊन वणीच्या बाजूला घाटात जायचं होतं.

‘कुणी सांगितलं तुला?’ मिस्त्रींनी मला विचारलं.

‘शकुमावशीनं.’

‘शकुबाईनं?’ ते हसले आणि आलेख घडी घालून खिशात ठेवला. ट्रक दुरुस्त झाला, आणि आवारात नाव झालं ते माझं.

त्यानंतर मी मावशीची पाठ सोडली नाही. शाळेतून आले की दप्तर घरात फेकायचं आणि पिंपापाशी जाऊन बसायचं. तिला सगळं कळायचं. फडक्यावर उन्हात बारीक चमचम दिसली तर आत लोखंड झिजतंय. तेल पातळ आणि पेट्रोलचा वास, तर कुठेतरी गळून आत उतरतंय. ताजं तेल मधासारखं आणि थोडं गोडसर वासाचं; पेट्रोलच्या जीपमध्ये ते बरेच दिवस तसंच राहतं, डिझेलच्या गाडीत दोन दिवसांत काळं पडतं. जुनं झालेलं तेल जळक्या फोडणीसारखं नाकाला लागतं.

‘हे तुम्हाला कुणी शिकवलं?’

‘कोण शिकवणार? फडकं हातात आलं की मिस्त्री काय बोलतोय ते कानावर पडायचं. आज फडकं असं, उद्या गाडी तशी. इतकी वर्सं बघतीया तर कळणार नाय का?’

‘मग कुणाला बोलला का नाहीत?’

‘इचारलं कुणी?’

मी तिला दिवसाला वीस तरी प्रश्न विचारायचे. ती कधी कंटाळली नाही. एकदा म्हणाली, ‘तू इचारतीस तवा माझं मलाच कळतं, मला किती येतं ते.’

मार्चमध्ये स्टोअरचे नवे साहेब आले, गायधनीसाहेब. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी यादी केली आणि ठरवलं की गाड्या पुसायला फडकी नकोत, कापसाच्या धाग्यांचा गठ्ठा येईल. पुसायचं आणि टाकायचं. धुणं नको, म्हणजे धुणारीही नको. एक तारखेपासून शकुबाईला येऊ नको म्हणून सांगितलं.

आता तुम्हीच सांगा, ढाल मिळवलेली मुलगी गप्प बसेल का? मी अर्ज लिहिला. ‘मा. साहेबांचे सेवेशी’ पासून ‘आपली नम्र’ पर्यंत दोन पानं. ट्रकची हकीकत, आलेखाची नक्कल, आणि खाली ठळक अक्षरांत: शकुबाई फडकं पाहून गाडीची प्रकृती ओळखतात, तरी त्यांना काढून न टाकता गाड्या तपासायच्या कामात ठेवावे. मावशीला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवला. ती कितीतरी वेळ कागदावरून हात फिरवत राहिली.

‘ठिवतील?’ तिनं विचारलं.

‘ठेवावंच लागेल,’ मी म्हणाले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी आवारात आले, तर साहेब खिळ्यांपुढे उभे. सगळे ड्रायव्हर गोळा झालेले. झुंबर मिस्त्री आठवडाभर रजेवर होते. साहेबांच्या हातात माझा अर्ज.

‘चला, बघू या तुमची परीक्षा,’ ते शकुबाईला म्हणाले. रागानं नाही, गंमत बघावी तसं.

त्यांनी एकेक फडकं काढून तिच्या हातात दिलं. साहेबांना ती सगळी सारखीच काळी. मावशीनं पहिलं चोळलं. ‘ह्या गाडीचं आईल लय दिस बदललं नाय.’ साहेबांनी रजिस्टर उघडलं. बरोबर. दुसरं. ‘ठीक हाय.’ तिसरं तिनं उन्हात धरलं. ‘ह्याच्यात चमक हाय. मिस्त्रीला दावा.’ त्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, ‘आवाज येतोय खरा दोन दिस.’ ड्रायव्हरांत कुजबूज सुरू झाली. धोंडीरामकाका माझ्या कानाशी म्हणाले, ‘ही तर डागदर निघाली गं.’ मला नाचावंसं वाटत होतं.

साहेबांनी चौथं फडकं काढलं. जीपचं. बाबांच्या गाडीचं.

‘हे सोपं आहे,’ साहेब म्हणाले. ‘परवाच मी स्वतः नवा डबा काढून दिला. मिस्त्री नव्हते म्हणून कोंडाजींनीच तेल बदललं. सांगा बघू, कसं आहे?’

मावशीनं फडकं घेतलं. चोळलं नाही. वास घेतला नाही. नुसतं धरून उभी राहिली. मी बाबांकडे पाहिलं. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

‘सांगा ना.’

‘ह्याच्यातलं काय कळत नाय, साहेब.’

‘कळत नाही? मग मघाची तीन?’

‘अंदाजानं सांगितली. कधी जुळतं, कधी नाय जुळत.’ तिनं फडकं परत खिळ्याला अडकवलं. ‘पोरगी लहान हाय, तिला वाटलं मला येतं. मला काय येत नाय.’

साहेबांनी रजिस्टर मिटलं. अर्ज मला परत दिला. ‘भाषा मात्र छान आहे हो तुझी,’ ते म्हणाले.

सगळे पांगल्यावर मी जीपचं फडकं काढून नाकाशी धरलं. जळकी फोडणी. मधासारखा रंग कुठेच नाही. दोन दिवसांपूर्वी बदललेलं तेल असं असूच शकत नाही, हे मला मावशीनंच शिकवलं होतं. मी पिंपापाशी धावले.

‘तुम्हाला कळलं होतं.’

‘काल सांजच्यालाच कळलं व्हतं.’

‘मग चांगलं आहे, नवीन आहे, एवढं म्हणायचं ना. तुमचं काम राहिलं असतं.’

तिनं पिंपात काठी फिरवली. ‘बारा वर्सं हाती धरलं, त्या फडक्याचं खोटं कसं बोलू? आन खरं बोलून तुझ्या बाला घरी बसवू? मग तिसरं काय बोलायचं, तूच सांग. तू हुशार हायेस.’

मी फडकं परत खिळ्याला अडकवलं आणि घरी निघाले.

घरी बाबा जेवायला बसले होते. मी उभ्यानंच विचारलं, ‘नवा डबा कुठे गेला?’

आईचा भाकरी थापायचा हात थांबला. बाबा ताटाकडे बघत म्हणाले, ‘सायखेड्याला. भिकनच्या नदीवरच्या पाणी उपसायच्या इंजिनात घातला. लय आवाज करायला लागलं व्हतं इंजिन. जीपचं जुनं तेल गाळून परत भरलं.’ भिकन म्हणजे माझा काका. मग त्यांनी विचारलं, ‘शकुबाईनं सांगितलं का तुला?’

‘तिनं कुणालाच सांगितलं नाही. म्हणून तर तिचं काम गेलं.’

बाबांनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं, सोमवारी ते साहेबांकडे जातील. ते गेले नाहीत. मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही, आणि चार दिवस आवारात कुणालाच काही विचारायला गेले नाही.

पाचव्या दिवशी ते बाजारातून स्वतःच्या पैशानं तेलाचा एक डबा घेऊन आले. जीपचं जुनं तेल खाली सोडलं, नवं भरलं, इंजिन थोडं चालवलं, बंद करून थांबले, आणि गेज ओढून त्या जीपच्याच फडक्यावर पुसलं. मग फडकं घेऊन मागच्या चाळीतल्या शकुबाईच्या खोलीकडे निघाले. मी मागोमाग.

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. बाबांनी फडकं पुढे केलं. तिनं पदराला हात पुसले. ओला डाग बोटांत चोळला, वास घेतला, उजेडाकडे धरला. इतका वेळ लावला की बाबांनी दोनदा पाय बदलला.

‘नवं हाय,’ ती म्हणाली.

‘हां.’

तिनं फडकं परत त्यांच्यापुढे धरलं. बाबांनी हात पुढे केला नाही. फडकं न्यायचं ते तिनं, अशी इतक्या वर्षांची सवय.

‘घ्या की, कोंडाजीदादा. एक तारीख झाली. आता माझ्याकडं नाय ते.’

येताना बाबा चाळीच्या नळापाशी थांबले. घरात स्वतःचा कप कधी विसळला नव्हता त्यांनी. उकिडवे बसले, अंगाचा साबण मागवून घेतला आणि फडकं चोळायला लागले. काळं पाणी त्यांच्या पायावरून वाहायला लागलं.

‘सोडा किती घालायची गं ती?’ त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी मावशीला शेकडो प्रश्न विचारले होते. हा विचारला नव्हता.

‘माहीत नाही,’ मी म्हणाले.

ते चोळत राहिले. मागे बायका बादल्या घेऊन खोळंबल्या होत्या. कुणीही त्यांना उठा म्हणालं नाही.