न्तातेंची फुंकर

"सिस्टर, ह्या फुंकायच्या मशीनला फसवता येतं का?"

पैज शाळेतल्या मैत्रिणींची, विचारणारं तोंड थाकानेचं. चौघींचेही वडील सोन्याच्या खाणीत, त्यामुळे उत्तर सगळ्यांनाच हवं होतं. न्ताते, म्हणजे तिचे वडील, नुसतेच खोकले. म्मेनं, म्हणजे आईनं, खांद्यावरचं ब्लँकेट घट्ट ओढून घेतलं.

सिस्टर हसली नाही. "मशीन नाही गं फसत, मी फसते. घरून निघताना दम्याचा पंप तोंडात ओढला की आखडलेली छाती चार-सहा तास मोकळी होते. आकडे झकास येतात आणि आजार आत मजेत वाढतो." मग न्तातेंकडे वळून, "आज पंप घेतलाय? सिगारेट? पोटभर जेवण?"

"काहीच नाही, बाई."

थाकानेचे कान तापले. टॅक्सीथांब्यामागे त्यांनी तिच्यादेखत दोनदा पंप ओढला होता. आता तो म्मेच्या ब्लँकेटमध्ये होता. खाणीच्या वार्षिक तपासणीआधी गावातले सगळेच असं करतात. नापास झालं की खाली उतरू देत नाहीत. पण आज खाणीचा काय संबंध? गावच्या डॉक्टरांनी खोकल्यासाठी पाठवलं होतं! न्तातेंना मात्र नळी दिसली की खाणच दिसायची.

"नाकाला चिमटा. छाती भरून श्वास, आता जोरात सोडा! थांबू नका, अजून, अजून, अजून!"

तीनदा फुंकलं. तिसऱ्यांदा ओठ राखेसारखे झाले. पडद्यावरची रेघ मात्र ऐटीत वर गेली.

"बरं दिसतंय," सिस्टर म्हणाली, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

बाहेर बाकावर न्ताते खूश. "बघितलंस पोरी? सोमवारी खाणीत."

"मामाचेही आकडे चांगलेच होते. तीन वर्षं."

"तोंड आवर!" म्मे म्हणाली, पण आवाज फाटला. तिच्या भावाला पुरून अजून वर्ष झालं नव्हतं.

न्ताते हसायला गेले आणि त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी वाजली. तिघांनीही ऐकली.

थाकाने उठली.

"मी आत जातेय. सिस्टरला पंपाचं सांगणार. महिनाभर बोलू नका माझ्याशी, चालेल. पण ती सांगेल त्या दिवशी, ती सांगेल तसं पुन्हा फुंकायचं, न्ताते. तोपर्यंत सोमवार विसरा."