नेलपॉलिशचं निशाण

मी एक जुना निशाणवाला आहे. लढाया पुष्कळ केल्या, पण उंचीने तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढाच. अंग शिशाचं, पायाखाली चकती, हातात काठी आणि काठीला निशाण. हसू नका, मित्रांनो. माझ्यावर जे गुदरलं ते वैऱ्यावरही गुदरू नये.

माझा जन्म नॉटिंगहॅमचा. वितळलेलं शिसं रबरी साच्यात ओतलं, साचा गरगर फिरवला आणि मी बाहेर पडलो. विल्फ नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. दर मंगळवारी चर्चच्या सभागृहात तो मित्रांबरोबर टेबलावर लढाया खेळायचा. फासे टाकायचे, टेप लावून चाल मोजायची, भांडायचं आणि चहा प्यायचा. तिथे बिनरंगाचा शिपाई टेबलावर ठेवणं म्हणजे उघड्या अंगाने लग्नाला जाण्यासारखं.

विल्फने सगळी फौज रंगवली आणि मी एकटाच राहिलो. त्याची बायको मॉरीन मोज्यांच्या कारखान्यातून थकून आली होती. ती म्हणाली, "आण इकडे, मी रंगवते."

"अगं, बारीक काम आहे ते."

"मग कारखान्यात टाके काय तुझा बाप घालतो?"

तिने मला रंगवलं. खरं सांगतो, भयंकर रंगवलं. एक डोळा कपाळात गेला आणि मिशी कानाला टेकली. लाल रंग संपला म्हणून निशाणाला तिने चक्क आपलं नेलपॉलिश फासलं. त्याचा एक जाड ओघळ काठीवर सुकून बसला. त्या मंगळवारी ती माझा पराक्रम बघायला सभागृहात आली, आणि पहिल्याच फाशात मी मेलो.

"नव्या रंगाचा पहिला मरतो," विल्फ हसत म्हणाला. "आमच्यात असंच असतं."

"मरू दे तुमचा रिवाज. उभा कर त्याला!"

विल्फने मला उभं केलं. तेव्हापासून कुठलीही लढाई संपली, की हरो वा जिंको, तो सर्वांत आधी मला उभं करायचा.

पुढे मॉरीन गेली. मग हळूहळू विल्फची नजरही गेली. मंगळवार मात्र त्याने सोडला नाही. मॉरीननंतर क्लबात आलेला कीथ त्याला फासे वाचून दाखवायचा.

"किती पडले?"

"एक."

"परत एक? डोळे माझे गेलेत की तुझे, नालायका?"

आपले शिपाई विल्फला आता ओळखू येत नसत. फक्त मी यायचो. पेटीत हात घालून तो एकेक काठी चाचपायचा. अंगठ्याला तो ओघळ लागला की थांबायचा. "काय गं, बरी आहेस ना?" असं इतक्या हळू म्हणायचा, की मलाच ऐकू जावं. बाकी कुणाला त्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

एकदा पुष्कळांचे भाले निखळले, म्हणून विल्फने पेटी कीथकडे दिली. कीथ वाईट नाही हो. तेच तर दुखणं आहे. मला पाहून तो कळवळला. "अरेरे, आंधळ्याच्या गळ्यात हे ध्यान कुणी मारलं? थांब, म्हाताऱ्याला खूश करतो."

आमच्या जगात वाईट रंगाला एकच औषध असतं. कीथने मला फिनेलच्या बरणीत टाकलं. मित्रांनो, मी ओरडत होतो, पण शिशाचं तोंड ते! आधी मिशी सुटली, मग कपाळातला डोळा. नेलपॉलिश चिवट होतं, तिच्यासारखंच. ते धरून राहिलं. मी म्हणत होतो, राहा गं, एवढा ओघळ तरी राहा. शेवटी तेही मऊ पडलं, आणि कीथने जुन्या टूथब्रशने घासून मला लख्ख केलं. लाल पाणी मोरीत गेलं.

मग त्याने मला इतकं सुरेख रंगवलं, की आरशात मीच मला ओळखलं नसतं.

मंगळवारी विल्फने पेटीत हात घातला. पुन्हा घातला. "कीथ, माझा निशाणवाला कुठंय?"

"अरे, तुझ्या हातातच आहे! सगळा जुना रंग काढला आणि नवा दिला. निशाणावर सिंहसुद्धा काढलाय."

विल्फचा अंगठा काठीवरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. सगळं गुळगुळीत होतं.

"छान झालाय," तो म्हणाला. "फार मेहनत घेतलीस रे."

कीथ खुलला. त्याने चहात बिस्किट बुडवलं. खेळ सुरू झाला आणि पहिल्याच फाशात मी पडलो. नव्या रंगाचा पहिला मरतो. मी आडवा पडून वाट पाहत राहिलो. लढाई संपली, कपबशा धुतल्या गेल्या, विल्फने कोट चढवला. माझ्याकडे हात आला नाही. पेटीत मला कीथने भरलं, आडवंच.

मित्रांनो, कुणाची वस्तू कुरूप दिसली, तर साफ करण्याआधी एकदा विचारा, ती अशी का आहे. मोठं बोलणं मला जमत नाही. पेटीत अंधार आहे, आणि मंगळवार येतात नि जातात. कुणीतरी विल्फला सांगा, खालचं शिसं अजून तेच आहे. त्याला म्हणावं, मला एकदा उभं कर.