तांबड्या वायरचा सेट

मैनुद्दीन तांबोळीला त्या रेडिओतून काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे कुणी त्याला साधुपुरुष समजायची चूक करणार नाही. मजुरी मिळणार होती, पण ती धरण्यासारखी नव्हती. मिळणार होता एक शब्द. रंगनाथराव सबनिसांनी आपल्या मुलाच्या, दिग्विजयच्या, कानावर घालायचा शब्द. दिग्विजय औंधला एका सॉफ्टवेअर कंपनीत बऱ्यापैकी वरच्या खुर्चीत होता. सन दोन हजार उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार, या भीतीवर त्या कंपनीला बाळसं आलं होतं आणि नव्या विभागात वीस माणसं भरायची होती. मैनुद्दीनची मुलगी नाजिमा कॉम्प्युटरची पदविका घेऊन आठ महिने घरी बसली होती. तिचे अर्ज जिथे जात तिथून परत येत नसत, एवढंच त्यांच्याबद्दल सांगता येत होतं.

मैनुद्दीनचं दुकान नारायण पेठेत, लाँड्रीच्या शेजारी जिन्याखाली. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं आणि तिसऱ्याने नंतर यायचं, एवढी जागा. वर पाटी: ‘तीन महिन्यांत न नेलेल्या वस्तूस आम्ही जबाबदार नाही. वाद घालू नये.’

रंगनाथराव गुरुवारी सकाळी आले, बगलेत चार बँडचा जुना पोर्टेबल रेडिओ घेऊन.

“दुकान चालू आहे, की नुसतेच हवेला बसलात?”

“या साहेब. बोलत नाही का हा?”

“तो बोलत असता तर मी तुमच्याशी बोलायला कशाला आलो असतो?”

बँकेतून निवृत्त झाल्यापासून रंगनाथरावांचा एकच उद्योग होता. पहाटे शॉर्टवेव्हवर परदेशची बातमीपत्रं ऐकायची आणि फिरून आल्यावर ओंकारेश्वरापाशी बाकावर बसणाऱ्या मंडळींना ती पेपर येण्याआधी सांगायची. आता घरोघरी केबल आली होती, मंडळींना बातम्या आदल्या दिवशीच कळलेल्या असत; पण हे रंगनाथरावांना सांगायची कुणाची छाती नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी रेडिओ मुका झाला. दिग्विजय म्हणाला, “बाबा, फेका तो डबा, मी नवा आणतो.” रंगनाथराव म्हणाले, “रविवारी जेवायला ये, हाच वाजवून दाखवतो.” म्हणजे प्रश्न रेडिओचा उरला नव्हता, बापाचा शब्द मुलापुढे खाली पडतो की काय, हा होता.

“रविवारपर्यंत वाजला पाहिजे,” रंगनाथराव म्हणाले. मग जरा घुटमळून, “तुमच्या मुलीचं मागे म्हणाला होतात. रविवारी दिग्विजय येतोय. हा वाजला, तर आपोआपच तुमचा विषय निघेल.”

नाही वाजला तर निघणार नाही, हे मैनुद्दीनला वेगळं सांगावं लागलं नाही.

दुपारी त्याने सेट उघडला. दोष मिळायला वेळ लागला नाही. पत्र्याच्या इवल्या डबीतला जुना ट्रान्झिस्टर गेला होता. या जातीला म्हातारपणी एक रोग होतो. डबीच्या आत धातूचे केसासारखे तंतू वाढत राहतात आणि एक दिवस आतल्या आत चिकटतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डबीला टिचकी मारली की तंतू तुटतात, रेडिओ खडखडीत बोलू लागतो, आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा मुका होतो. बाजारातले काही कारागीर याच टिचकीवर घर चालवत. मैनुद्दीनने बावीस वर्षांत गिऱ्हाइकाला टिचकीचा सेट दिला नव्हता. शिवाय रंगनाथराव आठव्या दिवशी दुकानासमोर उभे राहून काय बोलतील, हे त्याला तोंडपाठ होतं.

तो बुधवार पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात गेला. काउंटरवरचा पोरगा ट्रान्झिस्टर बोटांत फिरवत म्हणाला, “काका, हा तुमच्या निकाहातला का?” पाच दुकानं झाली. कुठे हसू मिळालं, कुठे चहा. ट्रान्झिस्टर मिळाला नाही.

मिळाला तो स्वतःच्याच फळीवर. वरच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, अगदी याच जातीचा सेट होता. दशरथ मेश्रामचा. वर्धेकडून येऊन पिंपरीच्या कारखान्यात वीस वर्षं घासलेला माणूस. कारखान्याने ‘स्वेच्छेने’ घरी जायचे कागद पुढे केले, त्या आठवड्यात त्याने हा सेट दुरुस्तीला टाकला होता. सेट दोन दिवसांत तयार झाला. न्यायला कुणी आलं नाही. चौदा महिने झाले होते. पाटीप्रमाणे जबाबदारी कधीच संपली होती. पण सेट देताना दशरथ पाटीकडे बघत उभा राहिला होता, तेव्हा मैनुद्दीनच म्हणाला होता, “ते इतरांसाठी हो. तुम्ही वर्षाने या, सेट इथेच असेल.”

सेट होताच तिथे. त्याला कोण नाही म्हणतंय?

मैनुद्दीनच्या उस्तादांची एक शिस्त होती. एका सेटमधून भाग काढून दुसऱ्याला लावायची वेळ आलीच, तर ज्या सेटचा भाग काढला त्याच्या उचलायच्या मुठीला तांबडी वायर बांधायची, आणि तसा भाग पुढे हाताला लागला की सगळी कामं बाजूला ठेवून आधी तांबड्या वायरचा सेट भरायचा. मैनुद्दीनने दशरथच्या सेटमधला चांगला ट्रान्झिस्टर काढून रंगनाथरावांच्या सेटला जोडला. गेलेला ट्रान्झिस्टर दशरथच्या सेटमध्ये बसवला, जागा भोकासारखी दिसू नये म्हणून. मुठीला तांबडी वायर बांधली, नीट दोन गाठी मारून. गाठी मारल्यावर त्याला बरं वाटलं. शिस्तीचा हाच फायदा असतो.

रविवारी रेडिओ असा वाजला की दिग्विजयने वरणात हात तसाच ठेवून ऐकलं. रंगनाथराव विजयी झाले, आणि विजयी माणूस उदार असतो. पुढच्या शुक्रवारी नाजिमाला मुलाखतीला बोलावलं, सोमवारी घेतलं. तीन महिने कच्ची, मग पक्की. तिच्या आईने, हमीदाने, लाँड्रीपर्यंत पेढे वाटले. रंगनाथराव पेढा खाऊन म्हणाले, “मी काही केलं नाही. फक्त शब्द टाकला.” आणि दुसरा पेढा उचलला.

त्याच आठवड्यात, बुधवारी दुकानासमोर एक बाई येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली पावती.

“इथं मेश्रामचा रेडिओ हाय का, भाऊ? का विकून टाकला?”

ती राधा, दशरथची बायको. काम गेल्यावर खोली सोडून ती दोघं वारज्याला राहायला गेली होती, आणि तिथे महिन्याभरात दशरथला अर्धांगाचा झटका आला. वर्ष झालं, माणूस पलंगावर होता.

“बोलता येत नाई त्याइले. उजवी बाजू गेली. एक डावा हात तेवढा हालते. डाक्टर म्हणे, जे आवडते ते ऐकवा, हाताले काम द्या. मले एकदम याद आली. पाळीवरून आले का बटन फिरवत बसत, कुठकुठचं लावत! मी बोंबलाची, भाकर थंडी होते म्हणून.” ती हसली. “त्याइचंच म्हणणं होतं, तो माणूस सेट विकणार नाई.”

मैनुद्दीनने सेट खाली काढला. काउंटरच्या आड, मांडीवर घेऊन, तो तांबडी वायर सोडू लागला. दोन गाठी होत्या, वेळ लागत होता.

खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. बाई, तुमचा भाग मी दुसऱ्याला दिला, पंधरा दिवस द्या. पण भाग पंधरा दिवसांत येणार नव्हता, बाईने वर्षभर पावती जपली होती, आणि वायरीची दुसरी गाठ अजून सुटत नव्हती. मैनुद्दीनने मागचं झाकण उघडलं, स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि डबीला टिचकी मारली.

रेडिओ बोलायला लागला. कुठली तरी परदेशी बाई, स्वच्छ आवाजात.

“अगं माय!” राधा म्हणाली. “किती झाले, भाऊ?”

“काही नाही. आधीच दिलेत.”

पैसे दिलेले नव्हते. ते तिलाही माहीत होतं, म्हणून ती पाया पडली.

अकरा दिवसांनी ती परत आली. सेट पिशवीत, मान खाली. मैनुद्दीन तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवत होता, पण त्याच्या आधी तीच बोलली.

“माफ करा, भाऊ. त्याइनंच बिघडवला.”

“कुणी?”

“आमच्याइनं. तुम्ही दिला तवापासून पोटावर घेऊन बसत, डाव्या हातानं बटन इकडून तिकडे, तिकडून इकडे. चेहरा पाहाले पाहिजे होता तुम्ही! एक दिवस तर तोंडातून आवाज काढला, ‘रा’ म्हणून. मले का रेडिओले, मालूम नाई.” ती थांबली. “आठव्या दिवशी बंद. मी म्हणलं, एवढं पिळल्यावर काय होईन? चौदा महिने त्या माणसानं जपला आन तुम्ही आठ दिवसांत मोडला! लई बोलली मी, भाऊ. तरी हात काई थांबेना, बंद रेडिओचं बटन फिरवतच राहिले. मंग लुगड्याच्या काठानं हात पलंगाले बांधला. तीन दिवस. आता नाई फिरवत.”

लाँड्रीतून इस्त्रीची वाफ येत होती. मैनुद्दीनने सेट पिशवीतून बाहेर काढला.

“त्यांचा दोष नाही, बाई. आतला भाग खराब होता. मीच…”

“तुम्ही चांगले आहा, म्हणून म्हणता.”

“अहो, खरंच सांगतोय. तो भाग मी दुसऱ्या…”

“राहू द्या, भाऊ. त्याइले मी वीस वर्षं ओळखते. हाताले दमच नाई.”

कबुलीजबाब द्यायला निघालेल्या माणसाला समोरच्याने सज्जन ठरवून गप्प करावं, याच्याइतकी आयती सुटका दुसरी नाही. मैनुद्दीनने ती घेतली. म्हणाला, “आठ दिवसांत वारज्याला स्वतः आणून देतो.”

संध्याकाळी तो रंगनाथरावांकडे गेला. तो एक भाग थोडे दिवस परत मिळाला तर, दुसरा शोधतोय, मिळाला की लगेच लावून देतो, असं चाचरत म्हणाला.

रंगनाथरावांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे वाजणारा रेडिओ उघडायचा? अहो, दुखत नसलेला दात आपण काढून देता का कुणाला?” मग आवाज मऊ करून, “नाजिमा कशी आहे? दिग्विजय म्हणत होता, मुलगी हुशार आहे. अजून कच्चीच आहे ना?”

त्यात धमकी नव्हती. रंगनाथरावांना धमक्या द्यायची गरजच पडत नसे, ते नुसती चौकशी करत. मैनुद्दीनने हिशेब केला. तीन महिन्यांतले अडीच उरले होते. तो म्हणाला, “बरी आहे, साहेब,” आणि चहा पिऊन निघाला.

आठव्या दिवशी त्याने बाजारातून नवाकोरा, चिनी बनावटीचा, आठ बँडचा रेडिओ घेतला आणि वारज्याला गेला. पत्र्याची खोली, पलंग भिंतीला लावलेला, त्यावर दशरथ. चेहऱ्याची एक बाजू जुनी, ओळखीची; दुसरी कुणा परक्याची. पलंगाच्या दांडीला लुगड्याच्या काठाची पट्टी अजून लोंबत होती, सोडलेली.

“दशरथभाऊ,” मैनुद्दीन म्हणाला, “हा तुमचा. पाहिजे तितका फिरवा. मोडला तर दुसरा आणतो.”

त्याने रेडिओ लावला आणि डाव्या हाताजवळ ठेवला. दोन स्टेशनांच्या मधली खरखर खोलीत भरली. बटण जरासं, बोटभर फिरवलं असतं तर आवाज स्वच्छ झाला असता.

दशरथने बटणाकडे पाहिलं. मग राधाकडे. हात पोटावरून हलला नाही.

“फिरवा ना,” राधा म्हणाली. “फिरवा, काई नाई म्हणत मी.” मग तिनेच तो हात उचलून बटणावर ठेवला. ठेवला तसा तो घसरला आणि उपड्या भांड्यासारखा चादरीवर पडून राहिला. डोळे तिच्याकडेच होते, काही चुकलं का, हे विचारत.

“भाऊ, तुम्हीच लावून द्या,” ती हळू म्हणाली.

मैनुद्दीनने लावून दिलं. कुठल्याशा देशातला एक माणूस हिंदीत हवामान सांगत होता. ते संपेपर्यंत तो बसला. शर्टाच्या खिशात तांबड्या वायरचा तुकडा होता, बोटांना सारखा लागत होता. सेट दुकानातच राहिला होता, आणि इथे जे गेलं होतं त्याला वायर बांधता येत नव्हती.

नाजिमा जानेवारीत पक्की झाली. कॉम्प्युटर कुठेच गोंधळले नाहीत. रंगनाथराव पहाटेच्या बातम्या बाकावर सांगतच राहिले, मंडळी ऐकतच राहिली. दिग्विजयला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. मैनुद्दीनला एका चिनी रेडिओचा भुर्दंड पडला, तोही त्याने हमीदाला सांगितला नाही. ज्याला जे हवं होतं ते त्याला मिळालं, आणि सगळ्यांच्या वतीने त्याची किंमत म्हणून वारज्याच्या पलंगावर एका माणसाने आपला चालता असलेला डावा हात भरला.