शंभरातले तीन

स्वातीने तीनच्या जागी शून्य लिहिलं, क्षणभर बघितलं आणि पुन्हा तीन केलं. सकाळपासून हाच खेळ चालला होता. कंपनीच्या नव्या, प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या मशीनला मराठी शिकवायची, तर त्याच्या पानात कोणता मजकूर किती वाढायचा, हे ठरवणं तिचं काम. बातम्या चाळीस टक्के, पुस्तकं तीस, सरकारी कागद सत्तावीस. उरलेले तीन राई गावातल्या बायकांच्या टिपून घेतलेल्या बोलण्याचे. त्यातलं निम्म्याहून अधिक तिच्या दुर्गामावशीचं होतं. मावशीचा जन्म मिठागरात गेलेला, आणि एकदा तोंड उघडलं की थांबायचं नाव नाही.

पण ते तीन टक्के घालून आणि वगळून, दोन्ही तऱ्हांनी मशीन शिकवून बघितलं, तेव्हा वगळलेलंच परीक्षेत पुढे निघालं. तिचा वरिष्ठ नीलेश तसा भला माणूस, पण आकड्यांपुढे कुणाचं ऐकायचा नाही. पाच वाजेपर्यंत शून्य करून टाक, म्हणाला होता.

मावशी नेमकी त्याच दुपारी, घरूनच काम करणाऱ्या स्वातीच्या इंद्रलोकमधल्या फ्लॅटवर सुकट घेऊन आली. तिचं बोलणं बाहेर काढतोय, हे सांगायला स्वातीची जीभ रेटेना. त्याऐवजी तिने परीक्षेत पुढे निघालेलं मशीन फोनवर लावून दिलं आणि वाटेल ते विचार म्हणाली.

“आगरान पानी कवा घेतान?” मावशीने विचारलं.

प्रश्न कळला नाही, कृपया स्पष्ट मराठीत विचारावा, असं मशीनने नम्रपणे सांगितलं.

आता मावशी दोन शिव्या हासडणार, असं स्वातीला वाटलं. जिने तलाठ्यापुढे कधी सूर बदलला नाही, ती मशीनला काय भीक घालणार? पण मावशीने डोक्यावर पदर घेतला, सावरून बसली आणि एकेक शब्द तोलत म्हणाली,

“मिठागरात पाणी कधी घेतात?”

उत्तर लगेच आलं, बरंचसं बरोबरही होतं.

“समजला त्याला,” मावशी खूश झाली. “माजाच चुकला व्हता.”

 परीक्षेचे पाचशे प्रश्न स्वातीनेच काढले होते, दहावीच्या पेपरासारखे स्वच्छ. मावशीसारखं बोलणारं त्यात एकही माणूस नव्हतं. मग मावशीकडून शिकलेलं मशीन तिथे मार्क आणणार कुठून? याच बाईच्या मांडीवर आपण बोलायला शिकलो आणि हे आपल्याला सुचलंही नाही, याची तिला लाज वाटली. तिने आत जाऊन नीलेशला फोन लावला.

“शून्य नाही, सहा करतेय. तेच बोलणं दोनदा घालायचं. सरकारी कागद तीनने कमी.”

“स्कोअर पडेल, स्वाती. वर काय सांगू?”

“परीक्षा मी काढली होती, ती अर्धीच होती. नवे प्रश्न काढते. तोवर माझं नाव सांग.”

 प्रश्न सोमवारपर्यंत दे, एवढंच नीलेश म्हणाला.

बाहेर येऊन ती मावशीजवळ बसली. चूक तुझी नव्हती, मशीनची होती, असं तिने समजावून सांगितलं.

“येवरा शिकलेला हाय त्यो,” मावशी म्हणाली. “त्याचा कसा चुकल?”

मग पदर पुन्हा नीट करून तिने फोन तोंडाजवळ धरला आणि पुढचा प्रश्न मनातल्या मनात जुळवू लागली.